झीरो झाला, आता आकडे जुळवा: स्कोपच्या टरेटवरचं शून्य जागेवर आणायची रीत

रायफल झीरो झाली, म्हणजे ठरलेल्या अंतरावर गोळी नेम धरला तिथेच पडू लागली. ग्रुप, म्हणजे एकापाठोपाठ मारलेल्या गोळ्यांचा पुंजका, नेमाच्या बिंदूवर बसला, आणि डोळा स्कोपवरून (रायफलवरच्या नेमाच्या दुर्बिणीवरून) काढून वरच्या टरेटच्या, म्हणजे नेम सरकवणाऱ्या बोंडाच्या, डायलकडे पाहिलं तर तिथे 3.7 दिसतंय. बाजूच्या डायलवर डावीकडचा 0.6. नव्या नेमबाजाला इथे पहिला प्रश्न पडतो: झीरो झाला म्हणजे डायलवर शून्य यायला नको का? आपोआप येत नाही. ते आपल्याला आणावं लागतं, आणि ते आणताना एकच पथ्य पाळायचं असतं. आकडे हलले पाहिजेत, नेम हलता कामा नये. पुढचं सगळं या एका वाक्यासाठी आहे.

आकडे जुळवले नाहीत तर रायफल काही वाईट मारत नाही. एकाच अंतरावर, एकाच निशाण्यावर मारणाऱ्याला आयुष्यभर 3.7 वर ठेवूनही चालेल. अडचण अंतर बदललं की सुरू होते. समजा, कोणत्या अंतराला डायल किती फिरवायची याच्या तुमच्या तक्त्यात पुढच्या अंतरासाठी 2.4 मिलरॅड (कोन मोजायचं एक एकक) वर लिहिलंय. शून्य जुळलेलं असेल तर डायल 2.4 वर न्यायची आणि मारायचं. जुळलेलं नसेल तर 3.7 अधिक 2.4 म्हणजे 6.1. हेही जमेल. पण त्याहून लांबच्या निशाण्याला 7 मिलरॅड हवेत, तेव्हा बेरीज 10.7 होते. दहा मिलरॅडला एक फेरी पूर्ण करणाऱ्या डायलवर ते दुसऱ्या फेरीतलं 0.7 म्हणून दिसतं, आणि परत येताना थांबायचं असतं पहिल्या फेरीतल्या 3.7 वर. घाईत, वाऱ्यात, स्पर्धेचं घड्याळ चालू असताना ही बेरीज-वजाबाकी कुणाचीही चुकते. शून्य जुळवणं म्हणजे ही चूक कायमची काढून टाकणं.

टरेटच्या आत काय हलतं

स्कोपच्या नळीत आणखी एक छोटी नळी असते. वरच्या टरेटचा स्क्रू तिला वरून दाबतो, बाजूच्या टरेटचा स्क्रू बाजूने दाबतो, आणि समोरून एक स्प्रिंग तिला सतत या दोन स्क्रूंवर रेटत असते. डायल फिरवली की स्क्रू आत-बाहेर होतो, आतली नळी किंचित कलते आणि नेमाचा बिंदू सरकतो. क्लिकचा आवाज येतो तो बारीक दात्यांवरून सरकणाऱ्या छर्ऱ्याचा किंवा पत्तीचा.

आकडे छापलेली टोपी म्हणजे डायल, आणि ती या स्क्रूच्या दांड्यावर नुसती बसवलेली असते. छोट्या स्क्रूंनी आवळलेली, माथ्यावरच्या एका स्क्रूने धरलेली किंवा दात्यांत अडकवलेली. ती दांड्यापासून सोडवली की दांडा आहे तिथेच राहतो आणि टोपी मोकळी फिरते. शून्य समोरच्या रेषेवर आणायचं, टोपी पुन्हा दांड्याला पक्की करायची. घड्याळाचे काटे न हलवता तबकडी फिरवावी, तसला हा प्रकार आहे.

एका क्लिकची किंमत आधी पाठ असू द्या, कारण पुढे चूक झाली तर ती किती मोठी आहे हे त्यावरूनच कळतं. 0.1 मिलरॅडची क्लिक 100 मीटरवर 1 सेंटिमीटर सरकवते. एमओए हे कोनाचं दुसरं एकक, अंशाचा साठावा भाग; पाव एमओएची क्लिक 100 मीटरवर साधारण 7.3 मिलिमीटर. 50 मीटरवर दोन्हींच्या निम्मं. डायलवर एककं छापलेली असतात. आपल्या डायलवर कोणतं आहे ते बघून घ्या. मिलरॅडचा तक्ता आणि एमओएची डायल अशी जोडी जमली तर कितीही शून्य जुळवा, उपयोग नाही.

घाई इथे करू नका

शून्य जुळवायचं ते पक्क्या झीरोवर. अर्धवट झीरोवर आकडे जुळवले तर दोन क्लिक पुन्हा फिरवाव्या लागतात आणि सगळं काम परत करावं लागतं. म्हणून आधी स्कोपला रायफलवर धरणाऱ्या माउंटचे आणि रिंगचे स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कवर, म्हणजे तेवढ्याच जोराने आवळलेले, आहेत का बघा. पॅरालॅक्सची (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसतो, तो दोष घालवायची) कळ असेल तर ती झीरोच्या अंतराला लावा. रायफल वाळूच्या पिशव्यांवर किंवा बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) नीट टेकवा. वारा पडलेला असेल अशी वेळ निवडा. हे शेवटचं फार जण टाळतात. बाजूच्या वाऱ्यात झीरो केला की तो वारा विंडेजच्या, म्हणजे बाजूच्या डाव्या-उजव्या डायलच्या, शून्यात कायमचा शिरतो, आणि पुढे शांत हवेत गोळी एका बाजूला का जाते हे कळत नाही.

एका गोळीवरून झीरो ठरत नाही. पाच गोळ्यांचा ग्रुप मारा, त्याचा मध्य काढा, मध्य आणि नेमाचा बिंदू यांतलं अंतर मोजून तेवढ्या क्लिक द्या, आणि पुन्हा पाच मारून खात्री करा. मध्य नेमाच्या बिंदूपासून अर्ध्या क्लिकच्या आत आला की थांबायचं. त्याहून बारीक काही त्या टरेटला जमणारच नाही. आणि त्याच रायफलने, त्याच हाताने पुढचे पाच मारले तरी ग्रुपचा मध्य काही मिलिमीटर इकडे-तिकडे होतोच. प्रत्येक ग्रुपनंतर एक क्लिक वर, एक क्लिक खाली करत बसणाऱ्याचा झीरो कधीच संपत नाही.

झीरो पक्का झाला की वहीत चार गोष्टी उतरवा: दोन्ही डायलवर आत्ता दिसणारे आकडे, वरच्या टरेटच्या बुडाशी किती आडव्या रेषा दिसतात, अंतर, आणि काडतूस कोणतं. मोबाइलवर दोन्ही टरेटचा जवळून फोटो काढला तर आणखी चांगलं. बुडाशी असलेल्या रेषा म्हणजे फेऱ्यांचा हिशोब. डायल वर चढत गेली की तिच्याखालची एक-एक रेषा उघडी पडते. हा आकडा लिहिलेला नसेल आणि काम करताना डायल एक फेरी पुढे-मागे झाली, तर शून्य रेषेवर दिसेल पण नेम एका पूर्ण फेरीने चुकलेला असेल. दहा मिलरॅडच्या फेरीत ही चूक 100 मीटरवर तब्बल 1 मीटर होते, पंधरा एमओएच्या फेरीत साधारण 44 सेंटिमीटर. गोळी कागदावरच येत नाही, आणि माणूस रिंग सैल झाली म्हणून रिंग तपासत बसतो.

टेबलावर बसण्याआधी

रायफल रिकामी करा. मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) डोळ्याने पाहा आणि करंगळी घालून चाचपून पाहा. बोल्ट-ॲक्शन असेल तर बोल्ट पूर्ण काढून बाजूला ठेवा. काडतुसं टेबलावर नकोत. मझल, म्हणजे नळीचं तोंड, सुरक्षित दिशेला. रेंजवरच हे काम करणार असाल तर रेंज अधिकाऱ्याला सांगून करा, आणि समोर कुणी निशाणे बदलायला गेलेलं असताना रायफलला हातही लावू नका, मग ती रिकामी असली तरी.

हत्यारं थोडीच लागतात. टरेटला बसणारी ॲलन की किंवा टॉर्क्स की, चांगला उजेड, खाली एक फिकट रंगाचं कापड. कापड यासाठी की हे स्क्रू तांदळाच्या दाण्याहून लहान असतात, आणि जमिनीवर पडले की मिळत नाहीत. की बरोबर मापाचीच हवी. मिलिमीटरच्या खाचेत इंचाची जवळपासची की बसते, थोडी फिरतेही, आणि मग स्क्रूचं तोंड घासून गोल करून टाकते. बहुतेक स्कोपच्या डब्यात त्याची की येते. ती सांभाळून ठेवा. रायफलच्या पिशवीतच ठेवा.

स्कोपचं माहितीपत्रक डब्यात असेल तर ते एकदा वाचा. टरेटची रचना एकाच उत्पादकाच्या दोन मॉडेलांतही वेगळी असते, आणि पुढे मी जे सांगतोय त्यातलं काही तुमच्या स्कोपला लागू नसेल तर माहितीपत्रकाचं ऐका.

काम

पहिलं, रायफल अशी टेकवा की स्कोपमधून दिसणाऱ्या एखाद्या स्थिर खुणेवर नेम धरून राहील आणि तुम्ही टरेटला हात लावलात तरी रायफल हलणार नाही. खूण म्हणजे भिंतीवरचा ठिपका, खिळा, कागदावरची फुली, काहीही. फक्त ती स्कोपमध्ये स्पष्ट दिसली पाहिजे. रेटिकलचं, म्हणजे स्कोपमध्ये दिसणाऱ्या नेमाच्या फुलीचं, केंद्र नेमकं त्या खुणेवर आणा. तुमच्या कामाचा साक्षीदार हा ठिपका आहे. काम संपल्यावर केंद्र त्याच ठिपक्यावर असेल तर झीरो शाबूत आहे. केंद्र सरकलेलं असेल तर तुम्ही टोपीसोबत दांडाही फिरवलात. रायफलच हललीय की रेटिकल, असा संशय राहू नये म्हणून ती पिशव्यांत घट्ट रुतवून ठेवा. जमलं तर व्हाइसमध्ये (शिकंजात) रबर लावून धरा.

दुसरं, टरेटला कुलूप असेल तर ते लावा. काही डायल खाली दाबल्या की अडकतात, काहींना वेगळी कळ असते. कुलूप लागलेलं असताना टोपी सोडवता येते की नाही हे रचनेवर अवलंबून आहे. येत असेल तर लावलेलंच चांगलं.

तिसरं, टोपीच्या कडेला असलेले स्क्रू शोधा. बहुतेक वेळा दोन किंवा तीन असतात, सारख्या अंतरावर. ते पूर्ण काढायचे नाहीत. प्रत्येकाला अर्धा ते एक वेढा सैल करा. टोपी बोटाने किंचित हलायला लागली की पुरे. स्क्रू सैल करताना दुसऱ्या हाताने टोपी स्थिर धरा, कारण कीच्या जोराने टोपी फिरू शकते आणि एखादा स्क्रू अजून दांड्याला चावलेला असेल तर दांडाही तिच्यासोबत फिरतो. मी टोपी अंगठा आणि तर्जनीत धरतो आणि मधलं बोट स्कोपच्या अंगावर टेकवून ठेवतो. हात घसरला तरी डायल फिरत नाही.

चौथं, टोपी हळू फिरवून शून्य स्कोपच्या अंगावरच्या रेषेसमोर आणा. आता काय जाणवतं याकडे लक्ष द्या. पुष्कळ स्कोपमध्ये टोपी मोकळी, गुळगुळीत फिरते आणि क्लिक अजिबात येत नाही. तिथे क्लिक आली तर समजा दांडा फिरतोय, लगेच थांबा. पण काही रचनांमध्ये क्लिकचे दाते टोपीच्या बाजूला असतात, आणि स्क्रू सैल असताना टोपी फिरवली तरी क्लिक येतच राहते, नेम मात्र जागचा हलत नाही. अशा स्कोपचा मालक पहिल्यांदा घाबरतो आणि सगळं परत मागे फिरवतो. म्हणूनच क्लिकच्या आवाजावर निकाल द्यायचा नाही. डोळा स्कोपला लावा, ठिपक्याकडे पाहा. केंद्र ठिपक्यावर आहे? मग ठीक आहे, क्लिक येऊ दे.

टोपी फिरवून शून्य आणण्याऐवजी ती सरळ वर उचलून काढायची आणि शून्य समोर धरून परत ठेवायची, अशीही रचना असते. तीत टोपीच्या आत आणि दांड्यावर बारीक दाते असतात. तिरकी बसवली तर दाते दुखावतात. सरळ ठेवा, हलकंसं डावं-उजवं करून दाते एकमेकांत बसू द्या, मग खाली दाबा. टोपी काढल्यावर आत रबराची रिंग दिसली तर ती आपल्या खोबणीत आहे का बघा. धूळ दिसली तर कोरड्या, मऊ ब्रशने झाडा. तेल घालू नका.

टोपी काढल्याने स्कोपमधला, काचा आतून धुरकट होऊ नयेत म्हणून भरलेला नायट्रोजन निघून जाईल अशी भीती असते. सीलबंद स्कोपचं सील दांड्यापाशी आत असतं, टोपीपाशी नाही, म्हणून नुसत्या टोपीने काही होत नाही. मात्र टोपीच्या खाली, स्कोपच्या अंगाला लागून जी मोठी चकती किंवा नट दिसते, तिला हात लावायचा नाही. ती सोडलीत तर अख्खं टरेट बाहेर येतं, सील तुटतं, आणि मग स्कोप दुरुस्तीलाच द्यावा लागतो.

पाचवं, शून्य रेषेवर आलं की टोपी पूर्ण खाली बसली आहे ना ते बोटाने दाबून पाहा, आणि स्क्रू आवळायला घ्या. इथेच सगळ्यांत जास्त गडबड होते, म्हणून थोडं थांबून सांगतो.

स्क्रू आवळताना शून्य का पळतं

शून्य अगदी रेषेवर होतं, स्क्रू आवळला, आणि पाहतो तर शून्य रेषेच्या केसभर बाजूला. पुन्हा सैल केलं, पुन्हा जुळवलं, पुन्हा तेच. याची कारणं दोन. एक, स्क्रूचं टोक दांड्यावर टेकताना फिरत असतं, आणि त्या फिरण्यात ते टोपीला किंचित ओढतं. दोन, आणि हे जास्त चिवट: आधी कधी तरी जोरात आवळलेल्या स्क्रूने दांड्यावर खळगा पाडलेला असतो. नवी जागा त्या खळग्याच्या अगदी शेजारी असेल तर स्क्रूचं टोक घसरून जुन्याच खळग्यात जातं आणि टोपीलाही सोबत नेतं.

पहिल्या कारणावर उपाय सोपा आहे. एक स्क्रू एकदम पूर्ण आवळायचा नाही. पहिला फक्त टेकेपर्यंत, मग समोरचा किंवा पुढचा टेकेपर्यंत, मग तिसरा. शून्य रेषेवर आहे का बघा. मग पुन्हा पहिल्यापासून प्रत्येकी थोडा-थोडा. दोन-तीन फेऱ्यांत सगळे सारखे घट्ट होतात आणि टोपी जागची हलत नाही. तरी एकाच दिशेला पळत असेल तर सुरुवात दुसऱ्या स्क्रूपासून करून पाहा.

खळग्याचा उपाय असा की दोन-तीन स्क्रूंपैकी ज्याचं टोक खळग्यात जातंय तो आधी सैल ठेवायचा, बाकीच्यांनी टोपी पक्की करायची, आणि तो शेवटी, हलक्या हाताने आवळायचा. त्याने मुख्य पकड द्यायची नाही, नुसती साथ द्यायची. हा खळगा मुळात पडू नये म्हणूनच स्क्रू अंगाच्या जोराने आवळायचे नसतात. कीची लांब बाजू स्क्रूमध्ये घाला आणि आखूड बाजू दोन बोटांनी फिरवा. इतका जोर पुरतो. माहितीपत्रकात टॉर्कचा आकडा दिला असेल आणि तुमच्याकडे टॉर्कचा स्क्रूड्रायव्हर असेल तर तोच पाळा. एवढ्या बारीक स्क्रूचे आटे गेले की नवी टोपी मागवण्याशिवाय गत्यंतर नसतं. आणि थ्रेडलॉकर (आटे चिकटवणारा डिंक) लावू नका. पुढच्या वेळी हे स्क्रू तुम्हालाच सोडवायचे आहेत.

शून्य रेषेपासून अर्ध्या क्लिकहून कमी बाजूला राहिलं, तर मी ते तसंच सोडतो. दात्यांच्या रचनेत तर टोपी ठरावीक जागीच बसू शकते, तेव्हा थोडा फरक राहणारच. महत्त्वाचं हे की शून्य कोणत्या क्लिकचं आहे याबद्दल शंका नसावी. दोन रेषांच्या बरोबर मधोमध थांबलेली टोपी मात्र चालवून घेऊ नका. महिन्याने तुम्हालाच आठवणार नाही की ती अलीकडची क्लिक होती की पलीकडची.

विंडेजच्या टरेटलाही हेच सगळं. पण दोन टरेटच्या टोप्या एकाच वेळी काढून ठेवू नका. कित्येक स्कोपमध्ये त्या एकसारख्या दिसतात आणि अदलाबदल होते. विंडेजची डायल बहुधा शून्याच्या दोन्ही बाजूंना डावे-उजवे आकडे दाखवते, एलिव्हेशनची, म्हणजे वरच्या टरेटची, एकाच दिशेने वाढत जाते; नजर टाकली की ओळखू येईल. पण ती वेळच येऊ नये.

वेगळ्या बांधणीचे टरेट

झाकण असलेल्या साध्या टरेटमध्ये आकडे एका पातळ कड्यावर असतात. झाकण काढलं की मधे नाण्याने फिरणारी खाच दिसते आणि तिच्याभोवती आकड्यांचं कडं. कडं नखाने किंवा बोटांनी फिरतं. खाच स्थिर धरून ते फिरवायचं, एवढंच. काहींत डायल बोटांनी वर उचलायची, वर असताना ती मोकळी फिरते, शून्यावर आणून सोडली की स्प्रिंगने खाली बसते. हत्यार लागत नाही. माथ्यावर एकच स्क्रू असलेल्या डायलमध्ये तो सोडताना आणि आवळताना डायल घट्ट धरणं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण स्क्रूचं फिरणं आणि दांड्याचं फिरणं एकाच अक्षावर असतं आणि स्क्रू दांड्याला सहज ओढून नेतो. तिथे ठिपक्याची तपासणी दोनदा करा: डायल सोडल्यावर एकदा, आवळल्यावर एकदा.

काही डायलवर कोनाची एककं नसून सरळ अंतरंच छापलेली असतात, एका ठरावीक काडतुसासाठी बनवलेली. तिथे शून्य नाही, तर ज्या अंतरावर तुम्ही झीरो केलाय ते अंतर रेषेवर आणायचं. 100 वर झीरो आणि डायलवर 1, 2, 3 असे आकडे असतील तर 1 रेषेवर. काडतूस बदललं तर या डायलवरच्या पुढच्या आकड्यांवर विसंबू नका.

झीरो स्टॉप

डायल खाली फिरवताना शून्यापाशी अडणारी सोय म्हणजे झीरो स्टॉप. अंधुक उजेडात, डायलकडे न बघता, खाली-खाली फिरवत अडेपर्यंत आणलं की झीरो सापडतो. हिची बांधणी नाना तऱ्हेची असते: टोपीखाली पातळ चकत्या रचायच्या, किंवा एक कडं खाली सरकवून आवळायचं, किंवा आतली चकती फिरवून पिनला टेकवायची. तीन गोष्टी सगळीकडे सारख्या. स्टॉप बसवायचा तो शून्य जुळवताना, टोपी काढलेली असतानाच. तो बसवताना दांडा फिरू द्यायचा नाही. आणि तो बसवल्यावर पुन्हा ठिपक्याकडे बघायचं.

स्टॉप नेमका शून्यावर लावावा की थोडा खाली, यावर नेमबाजांचे दोन पक्ष आहेत. रचना परवानगी देत असेल तर मी शून्याच्या खाली तीन ते पाच क्लिक मोकळ्या ठेवतो. काडतुसाची नवी खेप आली किंवा हवामान बरंच बदललं की झीरो एखाद-दोन क्लिक खाली जाऊ शकतो, आणि स्टॉप अगदी शून्यावर असेल तर खाली जायला जागाच नसते. स्टॉप आधीपासून लावलेला असेल आणि नवा झीरो जुन्याच्या खाली जात असेल तर टरेट मधेच अडेल. जोर लावू नका. स्टॉप आधी सोडवा, मग झीरो करा.

खरं-खोटं करणं

ठिपक्याची तपासणी झाली, आता डायलची. वर दहा क्लिक जा, आकडा वाचा. मिलरॅडच्या डायलवर 1 दिसला पाहिजे, पाव एमओएच्या डायलवर अडीच. मग एक पूर्ण फेरी वर जाऊन शून्यावर परत या. शून्य रेषेवर आलं का, बुडाशी वहीतल्या हिशोबाइतक्याच रेषा दिसतात का, केंद्र ठिपक्यावर आहे का. टोपी आणि दांडा यांत घसरण असेल तर ती इथेच उघडी पडते: आकडा शून्य दाखवतो पण केंद्र सरकलेलं दिसतं. तसं झालं तर स्क्रू पुरेसे आवळलेले नाहीत.

आता रेंजवर जा. पहिल्यांदा शून्यावर पाच गोळ्या. ग्रुप जुन्या जागी पडला तर काम फत्ते. मग 2 मिलरॅड किंवा 8 एमओए वर जाऊन, नेम तोच ठेवून एक ग्रुप मारा. 100 मीटरवर तो अनुक्रमे 20 किंवा साधारण 23 सेंटिमीटर वर पडला पाहिजे. परत शून्यावर येऊन तिसरा ग्रुप. पहिला आणि तिसरा एकावर एक बसले की स्कोपही प्रामाणिक आहे आणि तुमचं जुळवणंही. कागद उंच घ्या, नाहीतर दुसरा ग्रुप कागदाच्या बाहेर जाईल. बॅरल खूप तापू देऊ नका, मधे थांबा.

पहिला ग्रुपच जुन्या जागी नसेल तर आधी मोजा. फरक एक-दोन क्लिकचा असेल तर टोपीसोबत दांडा थोडा फिरलाय. तेवढ्या क्लिक देऊन झीरो परत आणा, आणि टोपी पुन्हा जुळवा. गोळी कागदावरच नसेल तर फेरीचा हिशोब तपासा. वहीतला आकडा आणि मोबाइलवरचा फोटो इथे कामाला येतो. फरक विचित्र असेल, प्रत्येक ग्रुपला वेगळा असेल, तर दोष टरेटच्या आकड्यांत नाही, माउंटमध्ये किंवा खुद्द स्कोपमध्ये आहे, आणि टोपी कितीही जुळवली तरी तो जाणार नाही.

पुढे काय बदललं तर

दुसरं काडतूस वापरायचं म्हणून शून्य पुन्हा जुळवू नका. डायलचं शून्य एकाच मुख्य काडतुसाचं ठेवा. दुसऱ्याचा ग्रुप मारा, तो किती वर-खाली आणि किती डावा-उजवा पडतो ते मोजा, आणि वहीत फरक लिहा: अमुक काडतूस, 0.4 वर, 0.1 उजवीकडे. त्या दिवशी डायल तेवढी फिरवून सुरुवात करायची, संपलं की शून्यावर परत.

शून्य नव्याने जुळवायची वेळ येते ती स्कोप काढून परत बसवला, रिंग किंवा माउंट बदललं, बॅरल बदललं, किंवा मुख्य काडतूसच कायमचं बदललं तेव्हा. प्रवासानंतर आणि रायफल आपटल्यानंतर आधी एक ग्रुप मारून बघा. जुन्या जागी पडला तर टरेटला हात लावायचं कारण नाही. आणि टोपीच्या स्क्रूंवर अधूनमधून की टेकवून बघत जा, सैल पडलाय का एवढंच. सैल सापडलाच तर आवळण्याआधी रायफल रिकामी करून ठिपक्यावर लावा, शून्य रेषेवर आहे का बघा, मग आवळा.